३८,८०० रुपयांचा हिशेब

अब्बांच्या कपाटात खालच्या कप्प्यात पोस्टाचे एक पासबुक आहे. प्लास्टिकच्या कव्हरवर कागदाची पट्टी चिकटवून त्यांनी उर्दूत ‘हज का हिसाब’ असे लिहून ठेवले आहे. नवीन कोणी पाहिले तर वाटावे, हजला जाण्यासाठी पैसे साठवतायत. पण अब्बा आणि अम्मी २०११ सालीच हजला जाऊन आले. हे खाते त्यांनी परत आल्यावर उघडले. त्याची गोष्ट सांगायची आहे आणि ती सांगताना थोडे विमानाच्या तिकिटाविषयीही बोलायचे आहे.

अब्बा एसटीत कंडक्टर होते. सोलापूर डेपोत बत्तीस वर्षे. बार्शी, अक्कलकोट, पंढरपूर आणि कितीतरी मुक्कामी गाड्या. लहानपणी आम्ही भावंडे त्यांच्या पत्र्याच्या ट्रेमधल्या रंगीत तिकिटांच्या गड्ड्या पाहत बसायचो. हात लावायची परवानगी नव्हती. एखादे तिकीट कमी भरले तर ते पगारातून जाणार. रात्री डेपोत भरणा करून घरी आले तरी त्यांचे ओठ हलत असायचे, मनात वेबिलाची बेरीज चालू असायची. एकदा शाळेत गुरुजींनी माझे गणित चूक दिले. अब्बांनी ते तोंडी करून बरोबर ठरवले आणि मला परत पाठवले. ‘कंडक्टर को हिसाब नको सिखाओ,’ हे त्यांचे घरातले कायमचे वाक्य.

निवृत्तीनंतर ग्रॅच्युइटीच्या पैशातून धाकट्या बहिणीचे लग्न झाले. उरलेल्यात दरवर्षी थोडी भर घालत त्यांनी हजचे पैसे जमवले. हज कमिटीच्या सोडतीत तिसऱ्या वर्षी दोघांचा नंबर लागला. त्या वर्षी कमिटीच्या हाजीकडून विमानभाडे म्हणून १६,००० रुपये घेत होते. मक्का-मदिनेतली राहण्याची सोय, तिथला खर्च, रियाल हे सगळे वेगळे आणि मुख्य रक्कम तीच. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला आलो, सीएसटीहून चालतच हज हाउसला गेलो. खाली रस्त्यावर सगळे नातेवाईक रडत होते, अब्बा मात्र गळ्यातल्या ओळखपत्राचा नंबर आणि बॅगेवरचा नंबर पुन्हा पुन्हा पडताळून पाहत होते.

पुढच्या वर्षी, जून २०१२ मध्ये, आम्हा मराठी विषयाच्या शिक्षकांचे प्रशिक्षण होते. मी उर्दू माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मराठी शिकवते, त्यामुळे अशा प्रशिक्षणात बहुतेक वेळा मी एकटीच मुस्लिम असते. त्याचे मला काही वाटत नाही, उलट चांगल्या ओळखी होतात. चहाच्या सुट्टीत अब्बा-अम्मी हजला जाऊन आल्याचे मी सांगितले आणि डबीतल्या खजुरा पुढे केल्या. एका सरांनी खजूर उचलली आणि अगदी सहज, हसत म्हणाले, ‘तुमचं बरं असतं मॅडम. सरकार पाठवतं हजला. आम्हाला काशीला कोण पाठवणार?’

ते गृहस्थ वाईट नाहीत. पुढे माझ्या बदलीच्या भानगडीत त्यांनीच मला मदत केली. पण त्या क्षणी माझ्याकडे उत्तर नव्हते. ‘नाही हो, अब्बांनी स्वतःचे पैसे भरले,’ एवढेच म्हणाले. त्यावर ते म्हणाले, ‘सोळा हजारांत सौदीला विमान जातं का? परवाच सुप्रीम कोर्टाचा निकाल आलाय, वाचा.’

घरी येऊन वाचला. ८ मे २०१२ चा निकाल, न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांचा. त्यात आकडे होते. २०११ मध्ये एका हाजीच्या विमानप्रवासाचा खर्च ५४,८०० रुपये. हाजीने भरायचे १६,०००. उरलेले ३८,८०० सरकारने भरायचे. न्यायालयाने सांगितले की हे अनुदान दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करा आणि तो पैसा समाजाच्या शिक्षणासाठी, उन्नतीसाठी वापरा. पंतप्रधानांच्या वतीने दरवर्षी जाणारे सदिच्छा शिष्टमंडळही दोन माणसांवर आणायला सांगितले. आणि निकालात सूरह आले इमरानच्या ९७ व्या आयतीचा दाखला दिला होता. ज्याच्याकडे तिथपर्यंत जाण्याची ऐपत आहे त्याच्यावरच हज फर्ज आहे, हा त्या आयतीचा आशय आपल्याला लहानपणापासून माहीत असतो.

माझी चूक एवढीच की हे मी अब्बांना वाचून दाखवले.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘म्हणजे दोघांचे ७७,६०० रुपये दुसऱ्याचे.’ त्यांना सवलत असते हे ठाऊक होते. एसटीतही विद्यार्थ्यांना असते, ज्येष्ठांना असते. पण आकडा त्यांनी कधी मांडला नव्हता, आणि आकडा मांडल्यावर हा माणूस शांत बसणे शक्य नव्हते. ज्या माणसाने बत्तीस वर्षांत फुकट प्रवास करणाऱ्या सग्या मेहुण्यालाही तिकीट फाडून दिले, त्याला आयुष्यातला सर्वांत मोठा प्रवास आपण अर्ध्याहून कमी तिकिटात केला असे कळले होते. मोहल्ल्यातल्या मौलाना साहेबांनी समजावले, ‘हाजीसाहेब, सरकारने सर्वांना दिलेली सोय आहे, तुमचे हज दुरुस्त आहे, शंका मनातून काढून टाका.’ अब्बांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी पोस्टात खाते उघडले. पेन्शनमधून दर महिन्याला थोडे थोडे टाकून ७७,६०० करायचे आणि सरकारला परत द्यायचे. कोणत्या खिडकीवर भरायचे हे मात्र कोणालाच सांगता आले नाही. कलेक्टर कचेरीत एका कारकुनाने त्यांना विचारले, ‘चाचा, असा चलनाचा फॉर्म नसतो हो.’

मला आधी राग आला, अब्बांचाच. मग वाटले, निदान ज्या रकमेसाठी हा म्हातारा माणूस स्वतःला खातो आहे ती रक्कम खरी आहे का, ते तरी बघावे. ५४,८०० हा आकडा आला कुठून?

इथे थोडे थांबून एक शब्द. एकाच विक्रेत्याच्या हाती बाजार असतो त्याला मराठीत मक्तेदारी म्हणतात. मक्ता म्हणजे ठेका. माझ्या वर्गातली मुले हा शब्द ऐकून हसतात, कारण उर्दूच्या तासाला त्यांनी गझलेचा मक्ता शिकलेला असतो, म्हणजे शायराचे नाव येते तो शेवटचा शेर. दोन्ही अरबीतून आलेले. उर्दूत मात्र मक्तेदारीला इजारादारी म्हणतात आणि इजारा हा शब्द जुन्या मराठी कागदांतही जमिनीच्या संदर्भात सापडतो. म्हणजे शब्दांची अदलाबदल आपण केव्हाच केली आहे. हजच्या विमानांचा मक्ता कोणाकडे होता, हे मात्र आपण विचारले नाही.

हज कमिटीमार्फत जाणाऱ्याला विमान कंपनी निवडता येत नव्हती. भारत आणि सौदी सरकारमधल्या व्यवस्थेनुसार दोन्ही देशांच्या विमान कंपन्या हाजींची वाहतूक वाटून घेत. भारताच्या बाजूने म्हणजे एअर इंडिया, जी तेव्हा पूर्णपणे सरकारच्या मालकीची होती. हज कमिटी त्या काळी परराष्ट्र मंत्रालयाच्या अखत्यारीत, विमानांची व्यवस्था आणि अनुदानाचा पैसा नागरी उड्डाण मंत्रालयाकडे आणि एअर इंडियाही त्याच मंत्रालयाची. म्हणजे दर सांगणारी कंपनी सरकारची, दर मान्य करणारे खाते सरकारचे, फरक भरणारी तिजोरीही सरकारची. ज्याच्या नावाने हे सगळे चालले त्या हाजीला १६,००० भरून रांगेत उभे राहायचे एवढेच काम. पैसे त्याच्या हातात कधी आलेच नाहीत. सरकारच्या एका खिशातून निघून दुसऱ्या खिशात गेले, काही सौदी कंपनीकडे गेले, आणि पावती आपल्या नावाने फाटली.

विक्रेता एकच असेल आणि गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ शकत नसेल तर दर वाढतो, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. पण इथे त्याहून विचित्र गोष्ट होती. सहसा दर वाढला की गिऱ्हाईक ओरडते. हजमध्ये दर वाढला तरी हाजीचे भाडे जवळपास तेवढेच राहायचे, वाढायचे ते अनुदान. त्यामुळे ओरडायला कोणी नाही. १९९४ साली साडेदहा कोटींच्या आसपास असलेले अनुदान २०१२-१३ मध्ये आठशे कोटींच्या पुढे गेले. हाजींची संख्या वाढली हे खरे, तेलाचे भाव वाढले हेही खरे. १९९५ मध्ये मुंबई-जेद्दा जहाजे बंद झाली आणि सगळे विमानावर आले, हे तर मोठेच कारण. पण दराला लगाम घालणारा हात कुठे होता?

स्टेशनजवळ उमऱ्याची तिकिटे काढून देणारे एक ओळखीचे एजंट आहेत. त्यांना विचारले. म्हणाले, ‘रमजान सोडून जा, मुंबई-जेद्दा येण्याजाण्याचे पंचवीस-सव्वीस हजारांत बसवतो.’ मी धावत घरी आले. अब्बा, बघा, तिकीट पंचवीस हजारांचे आणि लावले चोपन्न हजार आठशे! तुमचे देणे ३८,८०० नाहीच, फार तर नऊ-दहा हजार!

मला वाटले होते, ते सुटकेचा श्वास टाकतील. ते म्हणाले, ‘आषाढीच्या जादा गाड्या माहीत आहेत ना तुला?’

सोलापूरच्या माणसाला आषाढी माहीत नाही असे होत नाही. अब्बांनी उभी नोकरी पंढरपूरच्या जादा गाड्यांत काढली. एकादशीच्या आधी गाडी इथून खच्चून भरून जाते आणि पंढरपुराहून रिकामी येते. एकादशी झाली की इथून रिकामी जाते आणि तिकडून भरून येते. ‘हजचे विमान तसेच असणार,’ अब्बा म्हणाले. ‘आम्हाला सोडले आणि रिकामे परत आले. दीड महिन्याने रिकामे आले आणि आम्हाला घेऊन गेले. आपण दोन फेऱ्या बसलो, विमान चार फेऱ्या उडाले. पंचवीस दुणे पन्नास. बाकी चार-पाच हजार. एवढी पण लूट दिसत नाही.’

विमान कंपनीचे अधिकारीही अगदी हाच युक्तिवाद करत आले आहेत. अब्बांनी तो कोणाकडून न ऐकता, कॉटवर बसून, दोन मिनिटांत मांडला. मी माझ्याच वडिलांसमोर त्यांचा खटला लढत होते आणि ते विरुद्ध पक्षाचे वकील झाले होते.

पण त्या रात्री ते पुन्हा उठले. अम्मी सांगते, अडीच वाजता दिवा लावून बसले होते. सकाळी मला म्हणाले, ‘रिकामी का आणली?’

म्हणजे? म्हणाले, पंढरपुराहून गाडी रिकामी येते कारण त्या दिवशी तिकडून येणारे कोणी नसते. सगळे थांबलेले असतात. पण जेद्द्यात आपली लाखो माणसे कामाला आहेत. त्यांना घरी यायचे नसते का? खासगी टूरवाले हाजींना नेहमीच्या विमानांनी नेतात, त्यांची विमाने रिकामी येत नाहीत. आमची का येतात? आणि येतच असतील तर चार फेऱ्यांचा खर्च किती, डिझेल किती लागले, ड्रायव्हरचा भत्ता किती, हे कोणी लिहून दिले का? ‘आमच्या एसटीत कंडक्टरने वेबिल दिले नाही तर घरी पाठवतात.’

विमानाला डिझेल नसते, हे मी बोलले नाही.

त्यांचा हा प्रश्न मला आजही सर्वांत बरोबर वाटतो. ५४,८०० हा दर जास्त होता असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. तो जास्त असेल, रास्तही असेल. मुद्दा असा की तो तपासायची सोयच नव्हती. दुसऱ्या कोणाचा दर समोर नसेल तर पहिल्याचा दर महाग की स्वस्त हे ठरवणार कशावरून? मक्तेदारीत गिऱ्हाईकाचे पैसे जातात ते वेगळेच, खरी किंमत काय होती हे कळण्याची वाटही बंद होते. आणि किंमत कळत नसेल तर उपकार किती झाला हे तरी कसे कळणार? ३८,८०० या आकड्याने आम्हाला लाचार ठरवले गेले. त्यातले किती हाजीसाठी होते आणि किती तोट्यातल्या कंपनीला हात देण्यासाठी, हे वेगळे काढून कोणी दाखवले नाही.

आमच्या समाजातून आवाज उठला नाही असे नाही. अनुदान नको, जगभरातल्या कंपन्यांकडून निविदा मागवा, हाजी आपोआप स्वस्तात जाईल, असे कितीतरी जण वर्षानुवर्षे सांगत होते. असदुद्दीन ओवैसी म्हणत, हा पैसा मुलींच्या शिक्षणाला द्या. पण खरे बोलायचे तर बहुसंख्य आपण गप्प होतो. सोळा हजारांत जाता येते आहे ना, मग वरचा हिशेब कशाला उकरायचा? ज्यांना अनुदानाच्या नावाने मते मागायची होती त्यांनाही ते चालत होते आणि ज्यांना अनुदानाच्या नावाने आम्हाला टोमणे मारायचे होते त्यांनाही. मीही त्या खजुरीच्या डबीच्या दिवसापर्यंत कधी विचारले नव्हते.

आता एक गोष्ट अब्बांच्या विरोधात. मी वाचत गेले तशी मक्तेदारी या शब्दाविषयी माझी मते कडक होत गेली आणि एका संध्याकाळी मी म्हणाले, सरकारी मक्तेदारी म्हणजे चोरांचा बाजार. अब्बा इतके रागावले की चहाचा कप खाली ठेवला. एसटीही मक्तेदारीच आहे. १ जून १९४८ ला पुणे-नगर पहिली गाडी सुटली, पुढे एकेक मार्ग सरकारने ताब्यात घेतला आणि खासगी मोटारवाल्यांना त्यावर मज्जाव झाला. अब्बांचा वडापवर जन्मभर राग. ‘वडापवाला भरली तरच सोडतो. मी तीन माणसं घेऊन मुक्कामी गाडी नेलीय, पावसात. त्यातल्या एका बाईला दिवस भरले होते. वडाप आला असता?’ मग जरा वेळाने स्वतःच म्हणाले, ‘पण आमचा दर टप्प्यावर होता. सहा किलोमीटरचा टप्पा, टप्प्याला इतके पैसे, गाडीत फलक. पाटलाला तोच आणि मांगवाड्यातल्या म्हाताऱ्याला तोच. वाढवायचा तर मुंबईहून मंजुरी, पेपरात बातमी, मग बोंबाबोंब. आमचा मक्ता होता, पण दर झाकलेला नव्हता.’

मला वाटते, त्यांनी माझ्यापेक्षा नेमके सांगितले. पूर्वी जहाजांच्या काळातही असाच खेळ झाला होता आणि त्यात आमच्या सोलापूरचा माणूस होता. मुंबईहून हाजींना नेण्याचा धंदा ब्रिटिश व्यवस्थापनाखालच्या मोगल लाइनच्या हातात होता. १९३०च्या दशकाच्या अखेरीस वालचंद हिराचंद यांच्या सिंदिया कंपनीने ‘अल मदिना’ नावाचे जहाज त्या मार्गावर आणले. दोन कंपन्यांत दरयुद्ध पेटले आणि भाडे कोसळले. कालपर्यंत ज्या भाड्याला पर्याय नाही म्हणत होते तेच भाडे दुसरे जहाज बंदरात दिसताच खाली आले. सोलापुरातल्या एका जैन कुटुंबातल्या उद्योजकाने हाजींचे तिकीट स्वस्त केले, हे आमच्या गावात किती जणांना ठाऊक आहे? अर्थात त्यात भाबडेपणाने बघायला नको. जुनी कंपनी भाडे पाडते ती गिऱ्हाईकावरच्या प्रेमाने नाही, नव्याला बुडवायला. नवा बुडाला की भाडे पुन्हा वर. मोगल लाइनही पुढे सरकारी झाली आणि १९८६ मध्ये शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली.

१६ जानेवारी २०१८ ला तेव्हाचे मंत्री मुख्तार अब्बास नकवी यांनी जाहीर केले की यंदापासून हजचे अनुदान पूर्ण बंद. न्यायालयाने दिलेली मुदत २०२२ पर्यंत होती, त्याआधी चार वर्षे. आमच्या मोहल्ल्यात काही जण हळहळले. मी पेढे आणले. अब्बांनी पेढा घेतला नाही, म्हणाले, ‘आधी बघू तिकीट किती लावतात.’

तिकीट कमी लावले. मंत्र्यांनीच सांगितले की आदल्या वर्षी सुमारे १ लाख २४ हजार हाजींसाठी विमान कंपन्यांना जेवढे दिले त्यापेक्षा यंदा सुमारे १ लाख २८ हजार हाजींसाठी ५७ कोटी कमी द्यावे लागतील. माणसे जास्त, पैसे कमी. त्याला कारणे अनेक असतील. स्वस्त विमानतळ निवडायची मुभा त्या वर्षी मिळाली होती, हेही एक. पण अनुदान गेले आणि एकूण बिल वाढण्याऐवजी उतरले, हे वाचून मी बातमीचा कागद अब्बांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा पुसला, दोनदा वाचला आणि म्हणाले, ‘म्हणजे खाली यायला जागा होती.’ त्याच वर्षीच्या अखेरीस या विमानांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आणला गेला. म्हणजे एका हाताने अनुदान देणारे आणि दुसऱ्या हाताने कर घेणारे सरकार, हेही तेव्हा नीट उमगले.

२७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटांकडे गेली. सरकारी मक्ता संपला, आता सगळे ठीक होईल, असे मला वाटले होते. तसे झाले नाही. २०२३ मध्ये औरंगाबादहून जाणाऱ्या हाजीला मुंबईहून जाणाऱ्यापेक्षा सुमारे ८८ हजार रुपये जास्त पडत होते. त्याच रेल्वेत बसून मुंबईला गेले तर तीनशे रुपयांत जाता येते! पुढच्या वर्षी केरळात कोझिकोडहून जाणाऱ्यांना शेजारच्या कन्नूरच्या जवळजवळ दुप्पट विमानभाडे सांगितले गेले, ओरड झाल्यावर ते काही कमी झाले. तिथे तर कंपनी खासगी होती. छोट्या विमानतळावर निविदा भरणारा एकच येतो, मग मालक सरकार असो की टाटा, त्याचा दर तोच खरा. त्यामुळे ‘सरकारी म्हणून महाग’ हे माझे जुने वाक्य मी मागे घेतले आहे. अब्बांना सांगितलेले नाही, नाहीतर चहाच्या कपाची आठवण काढतील.

या वर्षी आम्ही दोघांनी, मी आणि माझ्या मिस्टरांनी, अर्ज करायचे ठरवले. मोबाइलवर फॉर्म भरताना अब्बा शेजारी बसून होते. आता ते ऐंशीच्या जवळ आहेत, ऐकायला कमी येते, आकडे मात्र स्पष्ट ऐकू येतात. विमानतळाच्या रकान्यात मी मुंबई निवडले. ते म्हणाले, ‘दोन्हीचे भाडे लिहून घे. वहीत.’ लिहून घेतले.

मग मी धीर करून विचारले, अब्बा, त्या पासबुकात किती झाले? ७७,६०० कधीच पूर्ण झाले होते, वर व्याजही चढले आहे. म्हटले, आता ती खिडकीही नाही, ते अनुदानही नाही, ती कंपनीही सरकारची राहिली नाही. काढून घ्या, अम्मीच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला लागतील. नाहीतर आमच्या शाळेतल्या मुलींच्या फीला द्या, कोर्टानेही तेच सांगितले होते.

अम्मीच्या ऑपरेशनचे पैसे त्यांनी वेगळे ठेवले आहेत म्हणे. मुलींच्या फीचे बघू म्हणाले.

‘पण हे पैसे मी ऐपत नसलेल्याचे देणे म्हणून ठेवलेले नाहीत,’ ते म्हणाले. ‘मी तिकिटाचे देणे म्हणून ठेवलेत. खरे तिकीट किती होते तेवढे कोणी सांगू दे. सोळा हजार वजा करतो, बाकी उद्या भरतो. पुरे नसतील तर अजून घालतो.’

पासबुक त्यांनी पुन्हा प्लास्टिकच्या कव्हरात घातले. पट्टीचा एक कोपरा सुटला होता, तो अंगठ्याने दाबून बसवला आणि मला म्हणाले, ‘फॉर्मची पावती काढ. मोबाइलमध्ये नको, कागदावर.’